आत्याच्या गारगोट्या आणि बिनगोळीचे बावीस दिवस

मला येणारी फिट मी स्वतः कधी पाहिलेली नाही. ती पाहिली आईनं, बाबांनी, वर्गातल्या पोरींनी, शेजारच्या चक्कीवर दळण घेऊन आलेल्या बायांनी. माझ्या वाट्याला यायचं ते फक्त नंतरचं. चावलेल्या जिभेची खारट चव, डोक्यात ओलं पोतं ठेवल्यासारखं जडपण, आणि भोवती वाकून उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे. त्या चेहऱ्यांवरूनच मला कळायचं की मधली पाच-दहा मिनिटं मी इथं नव्हते. कुठं होते, हे कोणालाच सांगता यायचं नाही. सातवीत पहिल्यांदा आली तेव्हा कोणी नाकाशी कांदा धरला, कोणी चप्पल धरली, आणि बाबा शाळेतून धावत आले ते आधी त्या चपलेवरच चिडले. "चपलेनं बरं होत असतं तं चपलेच्या दुकानात कोनी बेमार पडलंच नसतं," असं ते मोठ्यानं म्हणाल्याचं आई नेहमी सांगायची. ते मला ऐकू आलं नव्हतं. आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की आता ते मला आठवतं असंच वाटतं.

आमचं घर वाशीमजवळच्या अनसिंगला, चक्कीला लागून. दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, पुढं पत्र्याची ओसरी. चक्की सकाळी नवाला सुरू व्हायची आणि तिचा तो घूं घूं आवाज भिंतीतून आत यायचा. आम्ही सगळे त्या आवाजाच्या वर आवाज चढवून बोलायला शिकलो होतो, म्हणून आमच्या घरातली माणसं पाहुण्यांना भांडखोर वाटायची. मधेच लाइन गेली की चक्की एकदम गप्प व्हायची आणि त्या शांततेत कोणाचं तरी अर्धं वाक्य सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. दोरीवरच्या कपड्यांवर पिठाचा बारीक थर बसायचा. ज्वारी दळत असली तर वेगळा वास, चना दळत असला तर वेगळा. आई वासावरून ओळखायची, "आज कोनाच्या घरी बेसन होनार हाये," आणि मग आमच्याकडेही तेच व्हायचं. बेसन, भाकर, वरून कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायचे. रविवारी विहारात वंदना झाली की ते लोकांना थांबवून घ्यायचे आणि अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची यांच्यावर बोलायचे. बायांना भाकरी करायला जायचं असायचं, पण बाबा मास्तर होते, म्हणून बसायच्या. वर्गात त्यांचा एक आवडता प्रयोग होता. दोन डब्यांत हरभरे पेरायचे, एकाला ऊन द्यायचं, एकाला नाही, बाकी सगळं सारखं. "एका टायमाले एकच गोष्ट बदलायची," ते म्हणायचे. "दोन बदलल्या का मंग काहीच समजत नाई." हे वाक्य त्यांनी माझ्याही डोक्यात पक्कं बसवलं होतं. त्याचं पुढं काय होणार होतं, हे त्यांना तेव्हा कळणं शक्य नव्हतं.

मी बारावीला होते त्या वर्षी सोयाबीन निघून गेल्यावर विमल आत्या पुण्याहून कायमची आली. ती बाबांची मोठी बहीण. पुण्यात एका खाजगी दवाखान्यात वीस वर्षं नर्स होती. तिचे यजमान, आमचे मामाजी, वारले, मूलबाळ नव्हतं, आणि पाय दुखायला लागले तशी रात्रपाळी जमेना. एसटीतून उतरली तेव्हा तिच्याजवळ एक पेटी होती आणि छातीशी धरलेला एक निळा डबा. पेटी तिनं बाबांना उचलू दिली, डबा दिला नाही. घरी आल्यावर हातपाय धुऊन, चहा पिऊन, तिनं तो डबा उघडला. आत कापसाच्या वळकट्यांत दगड होते. एक जांभळा, एक फिक्कट गुलाबी, एक काळा लांबट, चार-पाच पांढरे आरपार दिसणारे. पुण्यातल्या एका बाईकडं ती सहा महिने दर रविवारी हे शिकली होती. कुठला दगड कपाळावर, कुठला छातीवर, कुठला तळहातात. चौकटीतलं सर्टिफिकेटही होतं. बाबांनी ते वाचलं आणि पालथं ठेवलं.

"ताई, हे तं तुले इथं फुकट भेटले असते," बाबा म्हणाले. "विहीर फोडली का ढिगानं निघतेत. पोट्टे बकऱ्याइले मारतेत याच्यानं."

"निघतेत नं," आत्या म्हणाली. "पन पुन्याच्या बाईनं धुऊन देल्ले." आणि ती स्वतःच इतकी हसली की बाबांना पुढचं बोलता आलं नाही.

आत्या अशीच होती. तिला ढोंगी म्हणावं तर ती स्वतःवर हसायची. भोळी म्हणावं तर वीस वर्षं दवाखान्यात काढलेली. घरातलं कोणी शिंकलं तरी आधी ताप मोजायची. मी आजही तिला एका शब्दात बसवू शकत नाही, आणि हे प्रकरण लिहायला मी इतकी वर्षं लावली त्याचं कारण बहुतेक तेच आहे.

त्याच आठवड्यात बाबा मला अकोल्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तोवर गोळ्या चालू असूनही महिना-दीड महिन्यानं फिट यायचीच. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, कधी आली होती, किती वेळ होती, झोप लागते का. सगळं बाबांनाच विचारलं, मी खुर्चीवर बसले होते. त्यांनी गोळी वाढवून दिली. आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून आत्यानं दुपारी मला मागच्या खोलीत सतरंजीवर निजवायला सुरुवात केली. म्हणजे एका टायमाला दोन गोष्टी बदलल्या. बाबांच्या लक्षात आलं नाही असं नाही. ते दोन दिवस घरात धुसफुसत होते. मग आई म्हणाली, "गोटा हाये, कपाळावर ठेवते, उचलून घेते. पोटात तं घालत नाई नं? ठेवू द्या." आई फार बोलत नसे, पण ती बोलली की विषय संपायचा.

ती दुपार सांगितली पाहिजे. कॉलेजातून यायचं, कढीभात खायचा, आणि मग आत्या खिडकीला चादर लावायची. मी उताणी निजायची. जांभळा दगड कपाळावर, गुलाबी छातीवर, पांढरे दोन्ही तळहातांत. दगड आधी गार लागायचे, मग हळूहळू अंगाइतके कोमट व्हायचे, आणि एका क्षणी ते आहेत की नाहीत तेच कळेनासं व्हायचं. आत्या माझ्या डोक्याशी बसून श्वास मोजायला लावायची. मग विचारायची, "आज कसं वाटून राह्यलं?" आणि थांबायची. उत्तर यायला पाच मिनिटं लागली तरी थांबायची. चक्की घूं घूं करत असायची, कोणीतरी बाहेर 'जाडं दळजो' म्हणत असायचं, आणि ही बाई माझ्या उत्तरासाठी थांबलेली असायची. मी तिला तिथं काय काय सांगितलं! वर्गातल्या पोरी माझ्या बाजूला बसत नाहीत हे सांगितलं. माझं लग्न होणार नाही असं आईला कोणीतरी बोललं, ते मी भिंतीआडून ऐकलं, हे सांगितलं. फिटेत माझं अंग कसं होतं, कपडे खराब होतात का, हे विचारलं. तिनं खरं ते सांगितलं. "होतेत कधी कधी. मंग काय झालं? धुतले का निघते."

गावातल्या बायाही येऊ लागल्या. कोणाचं अर्धं डोकं दुखायचं, कोणाला झोप लागत नसे, कोणाला सून आल्यापासून छातीत धडधड व्हायची. आत्या पैसे घेत नसे. बाया तुरीच्या शेंगा, बोरं, अंबाडीची जुडी ठेवून जायच्या. रक्त जातं म्हणून आली त्या बाईला मात्र तिनं दगड लावला नाही, हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. बाकीच्या पाऊण तास निजायच्या आणि उठून म्हणायच्या, "हलकं वाटते वो बाई." पाऊण तास भर दुपारी निजायला मिळालं तर गावातल्या कोणत्या बाईला हलकं वाटणार नाही, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं नाही. तेव्हा मी दगडाकडे बघायची.

आणि फिट येईना. एक महिना गेला, दीड गेला, दोन गेले. आत्या बोलून दाखवत नसे, पण तिच्या चालण्यात फरक पडला होता. बाबा म्हणायचे, "डोस बराबर लागू पडला." आत्या भाकर थापायची. दोघं भाऊ-बहीण एकाच ताटातलं बेसन खायचे आणि दोघांच्या मनात वेगवेगळं खरं असायचं. मी मधे बसलेली असायची आणि मला वाटायचं, खरं तर मला विचारायला पाहिजे, अंग माझं आहे. पण मला विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते?

एकदा मी विचारलं. निजल्या निजल्याच. "आत्या, हे खरंच काम करते का?"

तिनं माझ्या कपाळावरचा दगड सरळ केला. "मले नाई माहीत, सुजा. मी पुन्यात मरता मरता राह्यलेले मानसं पाह्यले अन् चांगले हिंडते-फिरते मेलेले बी पाह्यले. डॉक्टरले बी कदी कदी समजत नाई. पन बाया बऱ्या होऊन राह्यल्या, तू बरी हायेस. मंग काहीतरी असनच नं?" आणि मग तिनं माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं, दगड घसरून खाली पडला. "पन एक आयक. गोळी सोडायची नाई. मी सांगतलं तरी नाई, अन् कोनी सांगतलं तरी नाई. समजलं?"

"हाव," मी म्हणाले. हे वाक्य तिनं म्हटलं होतं. मी ते ऐकलं होतं. इतकं तरी या सगळ्या गोष्टीत पक्कं आहे.

वाढवलेल्या गोळीनं मात्र माझी पार दैना झाली होती. हिरड्या सुजल्या होत्या, हसताना मी तोंडावर हात धरायची. पुस्तक उघडलं की अक्षरं पाण्यातून दिसल्यासारखी व्हायची. सर प्रश्न विचारायचे, मला उत्तर येत असायचं, पण शब्द जिभेपर्यंत येऊन मागं फिरायचा, आणि तो परत येईपर्यंत दुसऱ्या कोणीतरी उत्तर दिलेलं असायचं. परीक्षा जवळ येत होती. तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर बाबांच्या पद्धतीनं मांडणी केली. दोन गोष्टी बदलल्या, म्हणून समजत नाही. समजायचं तर एक काढून पाहिली पाहिजे. इथपर्यंत ते बरोबरच होतं. कुठली काढायची, तिथं मी फसले. दगड काढून पाहता आला असता. त्यात काहीच धोका नव्हता. ते मला सुचलंच नाही असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. सुचलं होतं. पण दगडाची दुपार मला सोडायची नव्हती, आणि गोळी सोडायची होती. मी त्याला प्रयोग म्हटलं, एवढंच.

सकाळची आणि झोपायच्या आधीची, दोन्ही गोळ्या मी आईसमोर तोंडात टाकायची, पाणी प्यायची, आणि मागं मोरीत जाऊन थुंकायची. दुसऱ्या दिवसापासून आईनं समोर उभं राहणं सोडलं, तेव्हा पाकिटातून काढून थेट दप्तराच्या आतल्या कप्प्यात टाकायला लागले. चौथ्या-पाचव्या दिवसापासून जग उजळायला लागलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. चण्याच्या पिठाचा वास भिंतीतून आला तर तो मला आईच्या आधी ओळखू यायला लागला. गणितं सुटायला लागली. एका दुपारी आत्या काहीतरी बोलली आणि मी इतकी हसले की छातीवरचा गुलाबी दगड उडून पडला. बाबा जेवताना माझ्याकडे बघून आईला म्हणाले, "पोरगी आता रुळली त्या डोसले." मी मान खाली घालून वरण भुरकत होते. मला आनंद होत होता आणि बाबांची कीव येत होती, आणि आपल्या बापाची कीव येतेय याची लाजही वाटत होती. रोज सकाळी उठून मी वहीत एक रेघ ओढायची. बावीस रेघा झाल्या.

त्या दिवशी प्रॅक्टिकल संपलं म्हणून आई गुलगुले तळत होती. गुळाचं पीठ कालवलेलं, कढईत तेल तापलेलं. मी तिच्या बाजूला उभी राहून पहिला गुलगुला खायला मागत होते. एवढं आठवतं. पुढचं आईनं सांगितलेलं. मी "आई" म्हणाले, पण त्या आवाजात मी नव्हते. मग मी शेगडीच्या दिशेनं कलंडले. आईनं एका हातानं मला मागं ओढलं आणि दुसऱ्या हातानं कढई पलीकडे लोटली. तेल तिच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत आलं. ती ओरडली, मला सोडलं नाही. आत्या ओसरीतून धावली. तिनं गॅस बंद केला, मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा पदर दिला, घड्याळ पाहिलं. आईचा हात माठाच्या पाण्याखाली धरायला लावला. फिट थांबली, आणि मी शुद्धीवर यायच्या आतच दुसरी आली. तेव्हा तिनं चक्कीवाल्याला हाक मारून जीप आणायला सांगितली. या सगळ्यात ती मागच्या खोलीत गेली नाही. निळ्या डब्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. आई हे नेहमी मुद्दाम सांगायची.

मी नीट भानावर आले ती वाशीमला, दवाखान्याच्या खाटेवर. बाबा शाळेतून थेट आले होते, शर्टाच्या खिशावर खडू लागलेला होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिल्यांदाच प्रश्न बाबांना न विचारता मला विचारला, "गोळ्या चालू आहेत ना?"

मी म्हणाले, "नाही."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

बाबा खाटेची दांडी धरून उभे होते. त्यांचा आवाज अगदी हळू आला. "कोनं सांगतलं तुले बंद करायले?"

मी फक्त दाराकडे पाहिलं. दारात आत्या होती, हाताला बँडेज बांधलेल्या आईला धरून आत आणत होती. बाबांनी माझी नजर कुठं गेली ते पाहिलं, आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं.

ती नजर काय होती? आज माझे केस पिकायला लागले, तरी मला नक्की सांगता येत नाही. मी तिच्यावर ढकलत होते? की घाबरले म्हणून रोजच्या सवयीनं तिच्याकडे पाहिलं? डोकं जड होतं, जीभ फाटलेली होती. कधी वाटतं, ती लहान पोरगी होती, तिला माफ करावं. कधी वाटतं, त्या क्षणी माझं डोकं त्या बावीस दिवसांपेक्षाही स्वच्छ चालत होतं.

"ताई, तूनं सांगतलं?" बाबा म्हणाले.

"मी नाई सांगतलं, भाऊ."

"मंग हिनं कोनाचं आयकून सोडल्या? अकोल्याच्या डॉक्टरचं? मी गावभर बोंबलत हिंडतो का भोंदूगिरी घरात येऊ देऊ नका, अन् माह्याच घरात सतरंजी आंथरून..." त्यांना पुढं बोलवेना. आईच्या बँडेजकडे पाहून ते बाहेर निघून गेले. आत्या एकदाच बोलली, नंतर नाही. 'हिले विचार' असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. मी वाट पाहत होते की ती म्हणेल, म्हणजे मग मला खरं सांगावंच लागेल. ती म्हणाली नाही म्हणून मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. आत्यानं आईच्या हाताला मलम लावलं, दोन वेळच्या भाकरी करून टोपलीत झाकून ठेवल्या, आणि पेटी भरली. कारंज्याला तिची एक जुनी मैत्रीण होती, तिच्या ओळखीनं एका लहान दवाखान्यात काम मिळण्यासारखं होतं. बाबा शाळेत निघून गेले होते. आई रडत म्हणाली, "ताई, राग शांत होईन त्याइचा, थांबा." आत्या म्हणाली, "तू हात भिजवू नको आठ दिवस." माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्टँडवर गेली.

परीक्षा झाली. गोळी पुन्हा सुरू झाली, जग पुन्हा पाण्यातून दिसू लागलं. दुपारी मागच्या खोलीत मी एकटीच निजायची. कपाळावर काही नसायचं आणि कोणी काही विचारायचं नाही. आईच्या हातावरची कातडी गुलाबी, चकचकीत झाली होती. ती भाकरी थापायला बसली की मी उठून बाहेर जायची. रोज ठरवायची, आज बाबांना सांगू. संध्याकाळी ते सायकल लावून आत आले की माझे शब्द जिभेवरून मागं फिरायचे, आणि त्या वेळी तो दोष गोळीचा नसायचा.

निकाल लागल्यावर प्रवेशाचा फॉर्म आणायला म्हणून मी वाशीमला गेले आणि तिथून कारंज्याच्या गाडीत बसले. एकटीनं केलेला तो माझा पहिला प्रवास. आत्याची खोली बंद पडलेल्या एका जिनिंगच्या कारखान्याच्या भिंतीला लागून होती, वाऱ्यानं अजून कुठं कुठं सरकीचा कापूस उडत होता. तिनं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "सकाळची गोळी घेतली?"

मी दारातच रडायला लागले. आत बसवून तिनं पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. वही, मोरी, दप्तर, दाराकडे पाहणं. "तूनं सांगतलं होतं गोळी सोडू नको म्हनून. मी बाबाले सांगतलं नाई. मी तुह्यावर येऊ देल्लं." ती ऐकत राहिली. पूर्वी थांबायची तशीच थांबून ऐकत राहिली. मला वाटलं, आता ती जवळ घेईल, किंवा थापड मारेल. दोन्हीची तयारी होती.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू गोळ्या घेऊन नाई राह्यली ते. तुह्यं दप्तर उचलून ठेवाले गेली तं आतमंधी खडखड वाजलं. वीस वर्षं लोकाच्या गोळ्या मोजल्या मी. मले समजनार नाई?" ती माझ्याकडे बघत नव्हती. पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. "तवाच तुह्या बाबाले सांगाले पाह्यजे होतं. नर्स हावो मी."

"मंग बोलली काहून नाई?"

बाहेर कोणीतरी हातगाडीवर काकड्या ओरडत गेला. 

"तूनं किती दिवस मोजले?" तिनं विचारलं.

"बावीस."

"मी एकोनीस," आत्या म्हणाली. "रोज सकाळी उठून पाहो. आज बी नाई आली. म्हनो, आजचा एक दिवस पाहू, उद्या सांगू. मले बी पाह्याचं होतं, सुजा. भाऊ हासे माह्यावर. मले बी वाटे का, असनच काहीतरी याच्यात."

मला तेव्हा काय वाटलं, हे नीट लिहिता आलं असतं तर मी हे प्रकरण पहिलं लिहिलं असतं. मी ओझं उतरवायला गेले होते. ते उतरलं नाही, अर्धं तिच्याकडे गेलं आणि तिचं अर्धं माझ्याकडे आलं. मला तिचा संताप आला. माझ्या आईचा हात, असं मनात आलं. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की या जगात माझ्याइतकंच वेडं, माझ्याइतकंच एखादी गोष्ट खरी व्हावी म्हणून टपून बसलेलं दुसरं एक माणूस आहे, आणि मी एकटी नाही. तिनं डाळभात वाढला. मी जेवले. स्टँडवर तिनं मला खिडकीची जागा धरून दिली.

नंतर कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरांनी मला समजावलं. माझ्या फिटा महिना-दीड महिन्यानं येणाऱ्या होत्या, तेव्हा बावीस दिवस काही न होणं म्हणजे काहीच सिद्ध होणं नाही. उलट गोळी एकदम तोडली की अशा लागोपाठ फिटा येतात, त्यात माणूस जाऊही शकतो. साधं गणित होतं, बाबांच्या सातवीच्या पोरांनाही जमलं असतं. आता माझी लेक मनगटात रंगीत दगडांची माळ घालते, मोबाइलवर विकत घेतलेली. ताण कमी होतो म्हणे. मला विचारते, "आई, तुला तर अनुभव आहे, हे काम करतं का गं?" मी म्हणते, नाही करत. मी आजही दोन वेळा गोळी घेते, आणि शेवटची फिट कधी आली ते आठवावं लागतं. दगडात काही नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मग ती दुपार काय होती, असं तिनं पुढं विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. ती विचारत नाही. तिला क्लासला जायचं असतं.

कारंज्याहून आले त्याच संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. आत्यानं सोडू नको म्हटलं होतं, मीच सोडल्या. ते ओसरीत बसले होते.  आईला म्हणाले, "माह्या बहिनीले मी..." आणि उठून चक्कीच्या पलीकडे बराच वेळ फिरून आले. आत्याच्या एकोणीस दिवसांबद्दल मी काही बोलले नाही.  कदाचित मी तिचं देणं लागत होते म्हणून, कदाचित ती माझं.

पुढच्या रविवारी वंदना आटोपून बाबा मला घेऊन कारंज्याला गेले. आत्यानं चहा टाकला. बाबांनी कप खाली ठेवला, दोन्ही हात जोडले आणि माझ्यादेखत म्हणाले, "ताई, मले माफ कर. तुह्या याच्यात काहीच दोष नव्हता." सगळ्या गावाला थांबवून बोलणारा माझा बाप, त्यानं जोडलेले हात खाली घेतले नाहीत. मी आत्याकडे पाहिलं नाही, आत्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"चहा घे, भाऊ," ती म्हणाली. "थंडा होऊन राह्यला."

मी माझा कप उचलला.